स्वसंघनित काँक्रीटमधील कृत्रिम वाळू (नागपूर परिसर)

व्हायब्रेटर न लावता स्वतःच्या वजनाने वाहत जाऊन सळयांची दाटी आणि साच्याचे कोपरे भरणाऱ्या काँक्रीटमध्ये नदीच्या वाळूऐवजी खडक दळून केलेली वाळू वापरण्याची पद्धत. नागपूरकडे नदीच्या वाळूला रेती म्हणतात. कन्हान नदीची रेती परिचितच आहे.

संज्ञेत घोळ आहे. बाजारात ‘एम-सँड’ (मॅन्युफॅक्चर्ड सँड, म्हणजे निर्मित वाळू) म्हणून विकली जाते ती भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार ‘दळलेल्या दगडाची वाळू’ ठरते. ‘निर्मित’ हे विशेषण मानकाने नैसर्गिक खडकाखेरीज अन्य पदार्थांपासून, उदा. जुन्या काँक्रीटपासून, केलेल्या वाळूसाठी राखले आहे. प्रस्तुत नोंदीत रूढ अर्थच घेतला आहे. क्रशरवरची चुरी मात्र यात धरू नये. तिची प्रतवारी व कणांचा आकार सुधारलेला नसतो.

स्वसंघनित काँक्रीटचे जनकत्व सामान्यतः टोकियो विद्यापीठाचे हाजिमे ओकामुरा यांना दिले जाते (संकल्पना १९८६, पहिला नमुना १९८८). इटलीत मारियो कोलेपार्डी यांनी १९७०–८० च्या सुमारास सुपरप्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही करणारे रसायन) घालून अतिप्रवाही काँक्रीट केले होते, म्हणून काही जण उगम तिकडे नेतात. तथापि सळयांमधून न अडता, खडी व लगदा वेगळे न होता जाण्याची कसोटी प्रथम जपानात मांडली गेली, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

दळलेले कण टोकदार असल्याने घर्षण व पाण्याची गरज वाढते. उलट त्यातील ७५ मायक्रॉनखालची पूड इथे उपयोगी पडते, कारण या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ३८० ते ६०० किग्रॅ. बारीक पूड लागतेच. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांची राख जवळच असल्याने उरलेली पूड तिच्यातून भागवता येते. खरा प्रश्न पुडीच्या प्रमाणाचा नसून ती कशाची आहे याचा. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण (बेसाल्ट) आहे. पूर्वेकडे खडक बदलतात. काळा पाषाण कुजला की स्मेक्टाइट गटाची माती तयार होते. हीच विदर्भातल्या काळ्या जमिनीतली फुगणारी माती. तिच्या थरांत पॉलिकार्बोक्झिलेट (एक प्रकारचे सुपरप्लॅस्टिसायझर) शिरून अडकते आणि सकाळी वाहणारे मिश्रण या रसायनाचा डोस न बदलता दुपारी आखडते. वरचा मुरूम नीट न काढता खाणीतला दगड क्रशरवर गेला, तर चाळणीचा अहवाल चांगला येऊनही हा दोष राहतो. तो मेथिलीन ब्लू चाचणीत (अशी माती जो निळा रंग शोषते, त्याच्या मोजणीत) सापडतो. मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन त्यात भर घालते.

काळ्या पाषाणाची घनता नदीच्या वाळूपेक्षा जास्त असते, म्हणून रेतीच्या जागी ही वाळू घेताना बदल वजनाने नव्हे, घनफळाने करावा.

प्रसराची (शंकू उचलल्यावर पसरलेल्या काँक्रीटच्या व्यासाची) नेहमीची मर्यादा ५५० ते ८५० मिमी., एल-बॉक्सचे (एल आकाराच्या पेटीत सळयांमधून वाहिल्यावर दोन टोकांच्या उंचीचे) गुणोत्तर किमान ०.८. मिश्रण-आराखड्याची रीत भारतीय मानक १०२६२ (२०१९) मध्ये आहे. ताकद बहुधा रेतीइतकी किंवा किंचित जास्त मिळते. साच्यावरचा दाब द्रवासारखा धरावा लागतो; सेंट्रिंगच्या फटी बुजवल्या नसतील तर लगदा आधी तिथूनच निघतो.