वेब सर्व्हर लॉगची गाळणी आणि क्रमवारी

संकेतस्थळ चालवणारा सर्व्हर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची एक ओळ फाइलमध्ये लिहून ठेवतो. या फाइलला लॉग म्हणतात. लॉगमधल्या हव्या तेवढ्याच ओळी क्वेरी (शोधाची आज्ञा) लिहून वेगळ्या काढणे ही गाळणी, आणि त्या ओळींचे गट पाडून एखाद्या मापाने त्यांना वरखाली लावणे ही क्रमवारी. सर्वाधिक पाहिलेली पाने, सर्वाधिक चुका देणारे पत्ते, सावकाश उघडणारे फॉर्म, लोकांनी शोधपेटीत टाकलेले शब्द : या सगळ्या याद्या याच दोन क्रियांतून तयार होतात. यादी पाहणाऱ्याची नजर पहिल्या दहा नावांवर जाते. ती नावे तिथे का आली हे यादीत दिसत नाही, ते क्वेरीत असते. म्हणून क्वेरी सोबत जोडल्याशिवाय अशी यादी कोणाच्या हाती देऊ नये.

ओळीची रचना : सर्वसामान्य लॉगमध्ये सात रकाने असतात : विनंती करणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक), ओळख (इथे बहुधा नुसती आडवी रेघ असते), वापरकर्त्याचे नाव, वेळ, विनंती, उत्तराचा क्रमांक आणि उत्तर किती बाइटचे होते तो आकडा. अपाचे (१९९५) या सर्व्हरमुळे ही रचना सर्वत्र रुजली. पाहुणा कोणत्या पानावरून आला आणि कोणता ब्राउझर वापरत होता हे दोन रकाने जोडले की संयुक्त रचना होते. एन्जिनएक्स (२००४) मुळात तीच वापरतो. फॉर्ममध्ये भरून पाठवलेला मजकूर या ओळीत येत नाही, फक्त पत्त्यातून गेलेले शोधशब्द येतात. उत्तर द्यायला किती वेळ लागला हेही मुळात नोंदले जात नाही, तो रकाना मुद्दाम मागावा लागतो. अपाचेत तो सहसा मायक्रोसेकंदांत घेतात, एन्जिनएक्समध्ये सेकंदांत येतो. दोन्ही सर्व्हरचे लॉग एका यादीत मिसळण्याआधी एकक तपासले नाही, तर अपाचेची सगळी पाने डोक्यावर जाऊन बसतात.

गाळणी : सर्वांत जुने हत्यार म्हणजे युनिक्स या संगणकप्रणालीतील ग्रेप. केन थॉम्पसन यांचा हा प्रोग्राम १९७३ पासूनचा आहे आणि आजही लॉग उघडणाऱ्याचा हात आधी त्याच्याकडेच जातो. मात्र तो ओळ म्हणजे निव्वळ अक्षरे समजतो. ४०४ हा आकडा शोधला तर ‘पान सापडले नाही’ असे उत्तर गेलेल्या ओळी मिळतात, त्यांच्यासोबत ४०४ बाइटचे उत्तर गेलेल्या ओळीही येतात. आयपी पत्त्यातला टिंब ग्रेपच्या भाषेत ‘कोणतेही एक अक्षर’ असा वाचला जातो, त्यामुळे भलतेच पत्ते गाळणीतून उतरतात. रकान्याचे नाव घेऊन विचारणारी क्वेरी यापेक्षा सुरक्षित. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेली ऑक ही भाषा ओळीचे तुकडे पाडून नेमके हेच करते. पुढे आलेल्या स्प्लंक, इलॅस्टिकसर्च यांसारख्या प्रणालींनी ओळ आत घेतानाच किंवा शोधताना रकाने वेगळे करून द्यायला सुरुवात केली. इलॅस्टिकसर्चच्या मुळाशी ल्युसीन हा शोधासाठीचा तयार प्रोग्रामसंच आहे. त्यात प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या ओळींत आहे याची उलटी सूची असते, म्हणून कोट्यवधी ओळी पहिल्यापासून वाचाव्या लागत नाहीत.

काय वगळायचे हा गाळणीतला खरा कळीचा प्रश्न. चित्रे, फॉन्ट आणि शैलीच्या फाइली काढल्या नाहीत तर ‘लोकप्रिय पानां’त संस्थेचे बोधचिन्ह पहिले येते. बॉट (आपोआप पाने मागणारे प्रोग्राम) काढले नाहीत तर वर्डप्रेस ही संकेतस्थळे बनवायची प्रणाली नसलेल्या संकेतस्थळावरही वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी वरच्या रांगेत दिसते, कारण कुलूप शोधणारी यंत्रे सगळीकडे तेच पान ठोठावत हिंडतात. ब्राउझरच्या रकान्यात कोणीही स्वतःला गूगलचा बॉट म्हणवून घेऊ शकतो. खरा बॉट ओळखायचा तर त्याच्या आयपी पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा पत्ता काढून दोन्ही जुळतात का ते पाहावे लागते.

क्रमवारी : युनिक्सची रीत चार पायऱ्यांची आहे : ओळी लावून घ्या, सारख्या ओळी मोजा, मोजणीनुसार उलट्या क्रमाने लावा, वरच्या दहा घ्या. मोजणारा युनिक हा प्रोग्राम फक्त शेजारच्या ओळी ताडून पाहतो. पहिली पायरी गाळली तर एकच पान यादीत ठिकठिकाणी, तुकड्यातुकड्यांत दिसते. तिसऱ्या पायरीत आकड्यांचा क्रम मागितला नाही, तर ९ हा १०० च्या वर जातो.

मोजणीने लावलेली यादी समजायला सोपी असते. वेग किंवा चुकांचे प्रमाण घेतले की जपून चालावे लागते. समजा १०० विनंत्यांपैकी ९५ ना ०.२ सेकंद लागले आणि ५ ना १० सेकंद. सरासरी येते ०.६९ सेकंद, आणि तेवढा वेळ प्रत्यक्षात एकालाही लागलेला नाही. ९५ वे शतमानक, म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेच्या आत आटोपल्या तो वेळ, ०.२ सेकंद दाखवते आणि ताटकळलेल्या पाच जणांना पूर्ण लपवते. ९९ वे शतमानक घेतले तर ते दिसतात. तसेच चुकांचे. दोनदाच मागितले गेलेले आणि दोन्ही वेळा फसलेले पान शंभर टक्के चुकांसह पहिले येते. २०,००० पैकी ६०० वेळा फसलेले पान तीन टक्क्यांवर खाली राहते, आणि खरा त्रास मात्र तिथेच असतो. किमान विनंत्यांची अट घातल्याशिवाय टक्केवारीची क्रमवारी लावू नये.

लॉग अनेक यंत्रांवर विभागलेला असेल तर पहिल्या दहांची यादी अंदाजेही असू शकते. इलॅस्टिकसर्चमध्ये डेटाचा प्रत्येक तुकडा आपापली वरची नावे पाठवतो. पहिली दहा मागितल्यास मूळ मांडणीप्रमाणे प्रत्येक तुकड्याकडून २५ घेतली जातात आणि मग बेरीज होते. सगळीकडे सव्विसावे असलेले नाव एकत्रित मोजणीत खूप वर असू शकते, पण ते पोहोचतच नाही. ही प्रणाली संभाव्य चुकीची कमाल मर्यादा उत्तरासोबत कळवते. तो आकडा वाचायची सवय लावून घ्यावी.

उलटी क्रमवारी, म्हणजे सर्वांत दुर्मीळ आधी, फारशी कोणी लावत नाही. खरे तर घुसखोरीचा माग काढायला तीच अधिक उपयोगी : एकदाच मागितला गेलेला आणि तरीही यशस्वी उत्तर मिळालेला अनोळखी पत्ता तिथेच सापडतो.

देवनागरी शोधशब्द : नागपुरात कळमना बाजारातील संत्र्याचे भाव देणारे एखादे संकेतस्थळ आहे असे समजा. लोक शोधपेटीत ‘नागपूर’ लिहितात. लॉगमध्ये तो शब्द देवनागरीत उतरत नाही. त्यातल्या सहा चिन्हांचे यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत १८ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंकाक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे एका ‘नागपूर’साठी ५४ अक्षरांची माळ. क्रमवारी लावण्याआधी ही माळ उलगडून घ्यावी लागते. काही ठिकाणी या माळेतली रोमन अक्षरे (A ते F) मोठ्या लिपीत आणि काही ठिकाणी लहान लिपीत लिहिलेली असतात. न उलगडता मोजले तर तोच शब्द दोन ओळींत विभागतो.

उलगडल्यावरही काम संपत नाही. ‘नागपूर’ आणि ‘नागपुर’ असे दोन्ही लिहिले जाते. शिवाय मराठीत विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो : नागपुरात, नागपुरातील, नागपूरकर मात्र दीर्घच. त्यामुळे ‘नागपूर’ने सुरू होणारे शब्द मागणारी क्वेरी ‘नागपुरातील संत्रा’ विचारणाऱ्यांना बाहेरच ठेवते. संत्रा, संत्री, संत्रे, आणि रोमन लिपीत टाइप केलेला तोच शब्द, हे सगळे वेगवेगळे मोजले गेले तर प्रत्येकाचा क्रमांक खाली घसरतो आणि एकाच वर्तनीचा दुसरा शब्द फुकट पुढे जातो. सर्वांत छुपी अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतल्या ‘ऱ्या’ची. तो स्वतंत्र ‘ऱ’ घेऊनही टाइप होतो आणि साध्या ‘र’नंतर न दिसणारा जोडक घालूनही. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट मात्र वेगळे. मराठी संकेतस्थळांच्या लॉगसाठी अशा रूपांची एक जुळणी-यादी करून ठेवणे हे सर्वांत मोलाचे काम आहे. इंग्रजीसाठी बनलेली तयार साधने ते करून देत नाहीत.

वेळ आणि ठिकाण : बरेच सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात. दुपारी १ वाजता लागलेल्या निकालाची गर्दी तिथे ७:३० ला दिसते, आणि ‘एक दिवस’ पहाटे ५:३० ते दुसऱ्या पहाटे ५:३० असा मोजला जातो. मागच्या वर्षाशी तुलना करताना तारखेवर विसंबू नये. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लोक येतात. तो दिवस २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता. नागपुरातल्या निवास-प्रवासाच्या पानांची क्रमवारी तपासायची तर तिथी धरून गाळणी लावावी. डिसेंबरच्या आसपास भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही असेच वेगळे काढावेत.

आयपी पत्त्यावरून माणसे मोजणे तर आणखी धोक्याचे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, वसतिगृहाच्या वायफायचेही तसेच. ‘सर्वाधिक विनंत्या करणारा पत्ता’ म्हणून जो वर येतो आणि घाईने बंद केला जातो, त्यामागे निकाल पाहणारे शेकडो विद्यार्थी असू शकतात. संकेतस्थळापुढे मध्यस्थ सर्व्हर असेल तर पहिल्या रकान्यात त्याचाच पत्ता असतो आणि खरा पत्ता वेगळ्या रकान्यात उतरवून घ्यावा लागतो.

जतन : सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळून ठेवावे लागतात. आयपी पत्त्यावरून माणूस ओळखता येऊ शकतो, म्हणून विश्लेषणासाठी वेगळ्या काढलेल्या प्रतीत पत्त्याचा शेवटचा भाग शून्य करण्याची पद्धत आहे. चार भागांच्या जुन्या पत्त्यात असे केल्यास २५६ पत्ते एकात मिसळतात. वेगळ्या पाहुण्यांची मोजणी हवी असेल तर ती पत्ते झाकण्याआधी करून घ्यावी आणि नुसता आकडा पुढे न्यावा.