खांद्याचं दुखणं गेलं, मग आता यायचं कशाला?

हा प्रश्न आम्हा फिजिओथेरपिस्टना इतक्यांदा विचारला जातो, की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. बहुतेकदा तो फोनवर येतो, तोही ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी.

फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा दुखून आखडण्याचा आजार, झालेल्याला सुरुवातीला रात्रीची झोप नसते. त्या कुशीवर वळलं की कळ मस्तकात जाते. तेव्हा तुम्ही वेळेवर येता, व्यायाम चुकवत नाही. मग ठणका उतरतो, झोप लागू लागते आणि नेमकं तिथंच येणं बंद होतं. तीन-चार महिन्यांनी परत दारात: ‘दुखत नाहीये हो, पण हात पाठीमागे जात नाही.’

या आजारात दुखणं आधी ओसरतं आणि आखडलेपण मागे राहतं. सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, जाड होऊन आक्रसलेली असते. आतला दाह शमला की ती दुखायची थांबते, पण म्हणून लगेच सैल होत नाही. सगळं मिळून हे प्रकरण एक ते तीन वर्षं चालू शकतं, आणि मधुमेह असेल तर जास्त चिवट असतं. ‘आपोआप बरं होतं’ हे तुम्ही ऐकलेलं अगदीच खोटं नाही. मात्र पूर्ण हालचाल सगळ्यांचीच परत येत नाही.

‘पण माझा हात तर वर जातो!’ जातो ना. कसा जातो ते आरशात बघा. निरोगी हात बाजूने १८० अंशांपर्यंत वर जातो. त्यातले साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० पाठीवरच्या त्रिकोणी चपट्या हाडातून, म्हणजे स्कॅप्युलातून. सांधा आखडला की हे हाड आधीच मदतीला धावतं. खांदा कानाकडे चढतो, धड दुसऱ्या बाजूला कलतं, हात वरच्या फळीपर्यंत पोचतो आणि सांधा जिथल्या तिथे. आम्ही याला उसनी हालचाल म्हणतो. घरचा व्यायाम असाच उसना केला, तर महिनाभर घाम गाळून फक्त मान भरून येते. मग मान दुखते म्हणून वेगळी तक्रार!

खरी परीक्षा वेगळी आहे. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा आणि दोन्ही पंजे एकदम बाहेरच्या बाजूला उघडा. एकदम अशासाठी, की मग धड फिरवून फसवता येत नाही. दुखरा हात दुसऱ्याच्या मागे राहिला, तर काम बाकी आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये बहुधा हीच हालचाल सगळ्यात जास्त अडते.

म्हणूनच आम्ही दर वेळी गोनिओमीटर लावून अंश लिहून ठेवतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाचा हा थोरला भाऊ. यात वेळ जातो, काहींना कंटाळाही येतो. पण ‘बरं वाटतंय’ यापेक्षा कागदावरचा आकडा आम्हाला जास्त सांगतो. ‘नुसतं मशीन लावा आणि सोडा’ असंही सांगितलं जातं. शेक आणि मशीन दुखणं तात्पुरतं हलकं करतात, ते आम्हीही वापरतो. आखडलेला सांधा मोकळा होतो तो मात्र मोबिलायझेशनने, म्हणजे आम्ही हाताने सांधा हलवतो त्याने, आणि तुमच्या रोजच्या व्यायामाने.

तो व्यायाम थोडा, पण दिवसातून दोन-तीनदा करा. दात-ओठ खाऊन ओढायचं नाही. ताण जाणवावा, पण तो थोड्या वेळात निवायला हवा. रात्री ठणका वाढला, तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करा. व्यायाम करतानाचा तुमचाच व्हिडिओ आम्ही तुमच्याच फोनवर काढून देतो, खांदा कुठे चढतो ते दाखवून. त्यामुळे ठणका उतरल्यावर रोज यायची गरज बहुतेकांना उरत नाही. आठवड्यातून एकदा आणि पुढे पंधरवड्याला एकदा आलात तरी चालतं.

कोपराबद्दल एकच. मार लागल्यावर किंवा प्लास्टर निघाल्यावर आखडलेलं कोपर कुणाकडूनही मालीश करून किंवा जबरदस्तीने ओढून घेऊ नका. स्नायूतच हाड तयार व्हायचा धोका असतो, आणि मग आमचे हात बांधले जातात.

पडल्यावर हात उचलताच येत नसेल किंवा सांधा लाल, गरम होऊन ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. हातातल्या दुखण्याबरोबर छातीत जड वाटून घाम फुटत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

येताना खांदा उघडा करता येईल असे कपडे घाला. एक्स-रे आणि साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणा. आणि मध्येच थांबायचंच असेल, तर जरूर थांबा, पण शेवटचं एक माप देऊन जा. पुन्हा यावं लागलंच, तर कुठून सुरू करायचं ते वहीत सापडेल.