चंदन तेलाची कुपी घाऊक भावापेक्षा स्वस्त कशी?

पुण्याच्या रविवार पेठेत चंदनाच्या तेलाची चौकशी केली, तर घाऊक व्यापारी किलोचा भाव सांगतो, अत्तरवाला तोळ्याचा, आणि किरकोळ दुकानातल्या कुपीवर मिलिलिटर छापलेले असतात. तुलना करायची तर ही मापे आधी एका पातळीवर आणावी लागतात. या तेलाची घनता सुमारे ०.९७ असल्यामुळे एक किलो तेल म्हणजे जवळजवळ १,०३० मिलिलिटर, अर्थात दहा मिलिलिटरच्या १०३ कुप्या. किलोच्या भावाला १०३ ने भागले की एका कुपीत घाऊक भावाने किती रुपयांचे तेल आहे ते कळते. काचेची कुपी, भरताना होणारी सांडलवंड, कर, नफा आणि महिनोन्‌महिने पडून राहणारा माल लक्षात घेता किरकोळ भाव त्याच्या दुप्पट झाला, तरी मला त्यात वावगे वाटत नाही. कुपी घाऊक भावापेक्षाही स्वस्त मिळू लागली, की मात्र थांबून विचार करावा लागतो.

कारण या तेलाच्या भावाची खालची मर्यादा झाडच ठरवते. चंदन हे अर्धपरजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार शोषतात. तेल साठते ते खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडात ते जवळजवळ नसतेच. सहाणेवर पांढरे लाकूड कितीही उगाळले तरी गंधाला वास येत नाही, तो याचमुळे. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तो भरदार व्हायला त्याहून पुष्कळ अधिक. पुण्यातील बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातून चंदनाची झाडे रातोरात कापून नेली जातात, ती याच गाभ्यासाठी.

चांगल्या गाभ्याचा उतारा पाच टक्के धरला, तर एक किलो तेलासाठी वीस किलो गाभा लागतो. हिशेबापुरता गाभ्याचा भाव किलोला ८,००० रुपये मानू. मग नुसते लाकूडच १,६०,००० रुपयांचे झाले आणि दहा मिलिलिटरच्या कुपीतील लाकडाची किंमत साधारण १,५५० रुपये पडली. यात ऊर्ध्वपातनाचा खर्च अजून धरलेलाच नाही, आणि तो थोडाथोडका नसतो. तेलातील मुख्य घटक, अल्फा आणि बीटा सँटॅलॉल, जड रेणूंचे असून त्यांचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यामुळे वाफेबरोबर ते अगदी थोडे थोडे निघतात आणि भट्टी बराच काळ पेटती ठेवावी लागते. मनगटावर लावलेला चंदनाचा वास संध्याकाळपर्यंत टिकतो तोही याच गुणामुळे: जो रेणू भट्टीतून निघायला वेळ लावतो, तो कातडीवरून उडायलाही वेळ लावतो.

अशा वेळी दीड-दोनशे रुपयांच्या कुपीत काय असते? बहुधा एरंडेल, पॅराफिन किंवा चंदनासारखा वास देणारी कृत्रिम रसायने. घाऊक खरेदीदार सहसा फसत नाही, कारण तो मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागतो. आयएसओ ३५१८ या मानकानुसार भारतीय चंदनाच्या तेलात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. किरकोळ ग्राहकाच्या हाती असा कागद क्वचितच येतो, आणि दोन भावांमधला हा फरक मला पैशांच्या फरकाहून मोठा वाटतो.

स्वस्त तेल नेहमी खोटेच असते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील सँटॅलम स्पिकॅटम या वेगळ्या जातीच्या तेलात सँटॅलॉल कमी असते, म्हणून ते रास्तपणे कमी भावाने विकले जाते. ‘वेस्ट इंडियन सँडलवूड’ या नावाने येणारे अमायरिसचे तेल तर चंदनाच्या कुळातलेही नाही. आपल्या चंदनाचे शास्त्रीय नाव सँटॅलम अल्बम आहे. कुपीवर ते छापलेले नसेल, तर दुकानदाराला झाडाचे नाव आणि खेपेचा अहवाल स्वच्छ शब्दांत विचारावा, आणि दोन्ही मिळाल्यावरच किलोच्या भावाला १०३ ने भागायला बसावे.