घशात अडकल्यासारखं वाटतं, की घास अडकतो?

अमळनेरला माझं मेडिकल आहे. काउंटरपलीकडून एक वाक्य गेली वीसेक वर्षं ऐकतोय : "भाऊ, घशात काहीतरी अडकतं, चांगली गोळी द्या." अहिराणी बोलणारा "घसामा काहीतरी अटकेल शे" म्हणतो, पण क्रियापद तेच. सगळा घोळ या क्रियापदानं करून ठेवलाय. त्याच्याआड दोन वेगळी माणसं उभी असतात. एकाच्या घशात काहीच नसतं, आणि तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर कॅन्सरची लक्षणं वाचत बसलेला असतो. दुसऱ्याच्या घशात खरंच काही असू शकतं, आणि तो चघळायच्या गोळ्यांवर महिना ढकलतो. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला दुकानदार आहे. पण पहिल्याची झोप आणि दुसऱ्याचे महिने वाया जाताना पाहून कंटाळलोय, म्हणून लिहितोय.

पहिल्या माणसाचं थोडक्यात आटोपतो, कारण हे वाचणारे बहुतेक तेच असणार. घाटीच्या आसपास, मधोमध, गोळा असल्याची भावना. आवंढा गिळला की जाणवतो, म्हणून पुन्हा गिळून बघायचा, पुन्हा जाणवतो. कामात असलं की गायब, अंथरुणाला पाठ टेकली की हजर. याला ग्लोबस म्हणतात. पूर्वी ग्लोबस हिस्टेरिकस म्हणायचे, म्हणजे नावातच 'ही बाई नाटकं करते' असा शेरा. 1968 साली माल्कमसन नावाच्या डॉक्टरांनी ग्लोबस फॅरिंजियस, म्हणजे नुसता 'घशातला गोळा', हे नाव रूढ केलं, तेव्हा तो शेरा निदान कागदावरून तरी गेला. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळून राहणं, पोटातलं ॲसिड वर येणं, नाकामागून घशात पडणारा शेंबूड, सततची काळजी आणि दिवसभराचं खाकरणं ही त्याची नेहमीची कारणं. हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्या सुरू झाल्या की माझ्याकडे ॲसिडिटीच्या गोळ्यांचा खप वाढतो. रात्री अकराला हिरव्या मिरचीचं भरीत, वर कळण्याची भाकरी, आणि बाराला आडवे. घसा तक्रार करणारच.

आता खरा फरक. मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो : जेवताना होतं, की जेवण सोडून एरवी?

ग्लोबसवाला जरा विचार करतो आणि म्हणतो, "जेवताना नाही होत. उलट जेवलं की बरं वाटतं." दोन भाकरी, वरण, ठेचा सगळं सरळ खाली जातं. त्याला नुसती थुंकी गिळताना गोळा लागतो. घशात खरी गाठ असती तर तिनं थुंकीला वाट देऊन भाकरीला अडवलं असतं, इथं सगळं उलट चाललंय. शिवाय ग्लोबस जातो-येतो. लग्नसराईत विसरला जातो, बँकेची नोटीस आली की परत येतो.

घास अडकणं ही वेगळीच गोष्ट. ती जेवतानाच होते, आणि सहसा एकाच दिशेनं पुढं सरकते. आधी कोरडी भाकरी अडते, मग पोळी, मग भात, मग वरणाचं पाणी. हा उतार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतो. असा उतार म्हणजे कॅन्सरच असं नाही, अन्ननलिका आवळण्याची दुसरी कारणंही आहेत. पण असा उतार बघून गोळी देणारा मेडिकलवाला आणि ती घेणारा गिऱ्हाईक, दोघंही चुकतात.

एवढं सोपं असतं तर हे लिहिलंच नसतं. गोची अशी की घास अडकणारा माणूस "जेवताना त्रास होतो का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो. त्यानं जेवणच बदललेलं असतं आणि ते त्याच्या लक्षातही नसतं. माझे एक मामा पारोळ्याकडचे, उभा जन्म तंबाखू मळली. "जेवता ना नीट?" विचारलं की "हो रे भाऊ, दोन भाकरी." खोटं नव्हतं ते. मामीनं सहज बोलता बोलता सांगितलं, "पोळ्याच्या सणापासून हे भाकरी चुरूनच मागतात, बापू. आता तर डाळीत भिजवून अर्धा तास ठेवावी लागते." मग आठवलं, लग्नाच्या पंगतीत त्यांनी नुसता कढी-भात घेतला होता. घासागणिक पाण्याचा घोट. सगळे उठले तरी हे पानावरच. आम्ही म्हणत होतो, वय झालं, दात गेले. धुळ्याला दुर्बिणीनं बघितलं तर अन्ननलिकेच्या तोंडाशी गाठ. तुकडा तपासला, मग मुंबईला टाटा हॉस्पिटल, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं झालं. मामा आज आहेत. पण पोळा ते दिवाळी एवढा वेळ आमच्या 'दात गेले' या समजुतीत गेला.

तेव्हापासून मी "त्रास होतो का" विचारत नाही. "काल रात्री काय खाल्लं, आणि सहा महिन्यांपूर्वी तेच कसं खात होता?" असं विचारतो. उत्तर बरेचदा शेजारी उभी असलेली बायको देते.

आणखी एक फसगत. बोट कुठं ठेवलंय त्यावर जाऊ नका. अडथळा खाली छातीत असला तरी माणूस गळ्याच्या खळगीवर बोट ठेवतो. म्हणून नाकातून घातलेल्या दुर्बिणीनं घसा साफ दिसला, पण घास अडतोच आहे, तर अन्ननलिकेची दुर्बीण राहिलीय असं समजा. उलटंही खरं : पोटाची दुर्बीण घशातून झटकन खाली जाते, ती झाली म्हणजे घसा नीट बघून झाला असं नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांची दुर्बीण वेगळी, काही मिनिटांची, ओपीडीत बसल्या बसल्या होते.

आणि फिकट पडलेल्या बायकांबद्दल एक शब्द, कारण यांना हमखास "टेन्शन घेते" म्हणून परत पाठवतात. रक्त कमी, जीभ गुळगुळीत, ओठांच्या कडा फाटलेल्या आणि कोरडा घास वरच अडतो. लोहाच्या कमतरतेनं अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पातळ पडदा धरतो, असा एक आजार आहे. लोहाच्या गोळ्यांनी तो बरेचदा सुधारतो, पण अशांना पुढं त्याच जागी कॅन्सर होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. हिचा घास अडतो, हिला ग्लोबस म्हणू नका.

बाकीच्या गोष्टी भरभर. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर दाखवा. स्वरयंत्राच्या पट्टीवरचा कॅन्सर आवाजातून लवकर ओरडतो, आणि लवकर सापडला तर चांगला बरा होतो, म्हणून ही चांगली बातमी समजा. सर्दीत मानेला दुखरी गाठ येते आणि जाते. न दुखणारी, कडक, वाढत चाललेली गाठ तंबाखू न खाणाऱ्याच्या मानेवर असली तरी दाखवा, घशाचे काही कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळेही होतात. एकाच बाजूला गिळताना दुखणं, कान तपासून चांगला असूनही त्याच बाजूच्या कानात ठणका, थुंकीत रक्त, वजन उतरणं, हीसुद्धा दुसऱ्या माणसाची, म्हणजे डॉक्टरला दाखवायचीच लक्षणं. दारू आणि तंबाखू दोन्ही असतील तर धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. आणि खान्देशी माणूस ठेचा बाजूला सारून "तिखट सोसत नाही" म्हणायला लागला, तोंडात आपलीच तीन बोटं उभी जाईनाशी झाली, तर ती उष्णता नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत चाललीय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी अजून मिळतेच. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, त्यामुळं "मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो" हे मला ऐकवू नका.

मोबाइलच्या टॉर्चचा मला मनापासून राग आहे. आरशासमोर आ करून जीभ बाहेर ओढायची, जिभेच्या मुळाशी फुगीर दाणे दिसले की फोटो काढून माझ्याकडे धावायचं. ते दाणे सगळ्यांना असतात, आठ-बारा, इंग्रजी व्ही आकारात. दुसरा राग रक्ताच्या पॅकेजचा. हजारो रुपयांचा फुल बॉडी चेकअप करून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून मामांच्या वयाचा एक गृहस्थ तीन महिने निवांत होता. रक्तात घसा दिसत नाही. मानेच्या सोनोग्राफीत गाठी आणि थायरॉइड दिसतात, घशाच्या आतली कातडी नाही.

ग्लोबसवाल्यानं डॉक्टरकडे जाऊच नये असं मी म्हणत नाही. तीन आठवडे झाले तर एकदा दुर्बिणीनं बघून घ्या. धुळे-जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत कान-नाक-घशाची ओपीडी आहे. पण एकदा साफ निघाल्यावर चौथ्या डॉक्टरकडे जाऊ नका. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका, आणि खाकरणं सोडा. खाकरल्यानं घसा सुजतो, सुजला की गोळा वाटतो, वाटला की परत खाकरता. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या. चघळायच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या एकदम मागणाऱ्याला मी आता एकच देतो, आणि ती देताना कालच्या जेवणाचं विचारतो.