हरवलं तर चालेल, उशीर नको

इंटरनेटवरून फोनवर बोलताना मध्येच एखादा शब्द गिळला जातो आणि बोलणं तसंच पुढे चालू राहतं. ऐकणाऱ्याला हे नेटवर्कचं अपयश वाटतं. पण हरवलेल्या शब्दासाठी थांबायचं नाही, हे जाणूनबुजून ठरवलेलं आहे, आणि ते ठरलं पन्नासेक वर्षांपूर्वी. ही हकीकत माहीत असली की आयपी, यूडीपी, जिटर, कोडेक हे शब्द सुटे सुटे पाठ करावे लागत नाहीत.

जुन्या टेलिफोनमध्ये नंबर फिरवला की एक्स्चेंजमधून एक अख्खी वाट त्या दोन माणसांसाठी राखून ठेवली जायची. तिला सर्किट म्हणत. दोघं गप्प बसले तरी वाट अडलेलीच. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली: निरोपाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि जी वाट मोकळी असेल तिने सोडून द्यायचं. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचं. पत्ता वाचून पॅकेट पुढे धाडणारं यंत्र म्हणजे राउटर. याच तत्त्वावर उभ्या राहिलेल्या अर्पानेट या अमेरिकी संशोधन नेटवर्कवरून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला निरोप गेला. पाठवायचं होतं ‘लॉगिन’. पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली.

१९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी निरनिराळी नेटवर्कं एकमेकांना जोडण्यासाठी टीसीपी या नियमसंचाचा आराखडा मांडला. टीसीपीचा स्वभाव काटेकोर. प्रत्येक भागाला क्रमांक, मिळाल्याची पोच, आणि पोच आली नाही तर तोच भाग पुन्हा. फाइल पाठवायची तर असंच हवं, कारण एक अक्षर गळलं तरी फाइल बिघडते.

पण त्याच सुमारास डॅनी कोहेन आणि त्यांचे सहकारी अर्पानेटवरून चक्क आवाज पाठवण्याच्या खटपटीत होते, आणि तिथे हाच काटेकोरपणा आड येत होता. एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत टीसीपी मागची सगळी रोखून धरतं. बोलणारा बोलत असतो, ऐकणाऱ्याला मात्र शांतता, आणि नंतर शिळा आवाज. कोहेन यांचा आग्रह होता की बोलण्यासाठी वेगळी सोय हवी. १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग झाले. पत्ता पाहून पॅकेट नेण्याचं काम आयपीकडे गेलं, आणि ते पोहोचेलच याची हमी त्याने घेतली नाही. हमी ज्याला हवी त्याने वर टीसीपी वापरावं. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आलं; त्यात ना पोच, ना पुन्हा पाठवणं. आयपी पत्ता पॅकेटला मशीनपर्यंत आणतो, आतल्या कोणत्या प्रोग्रामला द्यायचं ते पोर्ट क्रमांक सांगतो, आणि यूडीपी याहून फारसं काही करत नाही. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही फारकत.

आता एक पॅकेट हातात घेऊन पाहू. आवाजाचे आकडे करणाऱ्या आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जी.७११ हा १९७२ चा कोडेक सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजतो आणि प्रत्येक मोजमापाला ८ बिट देतो. पॅकेट सहसा २० मिलिसेकंदांचं करतात, म्हणजे आवाज १६० बाइट. त्यावर आरटीपी या आवाज वाहण्याच्या नियमसंचाचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट चढतात. अशी ५० पॅकेटं दर सेकंदाला प्रत्येक दिशेने धावत असतात. आरटीपी त्यांच्यावर क्रमांक आणि वेळ घालतं. निघताना ती ठरावीक अंतराने निघतात, पोहोचताना मात्र कधी गर्दीने, कधी रेंगाळत. या अनियमिततेला जिटर म्हणतात. ती झाकायला ऐकणाऱ्याकडे छोटा बफर असतो. पॅकेटं तिथे क्षणभर थांबवून सारख्या लयीत सोडली जातात. बफर मोठा केला तर आवाज गुळगुळीत, पण उशीर वाढतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो बराच वाढला की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात.

सामान्य माणसाच्या संगणकावर हे आलं १९९५ मध्ये, व्होकलटेक कंपनीच्या ‘इंटरनेट फोन’ या सॉफ्टवेअरमुळे. पुढच्याच वर्षी फोन जोडण्यासाठी एच.३२३ आणि आवाज नेण्यासाठी आरटीपी ही मानकं आली, आणि १९९९ मध्ये एसआयपी. एसआयपी फक्त घंटी वाजवणं, उचलणं, ठेवणं बघतं. आवाज बहुधा वेगळ्या वाटेने, आरटीपीतून जातो.

फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूने येतो, या जुन्या तक्रारीचं मूळ बरेचदा या दोन वाटांमध्ये सापडतं. ३२ बिटांचे आयपी पत्ते जेमतेम ४३० कोटी, म्हणून १९९० च्या दशकात नॅटची युक्ती निघाली: आतल्या अनेक मशीनना खासगी पत्ते आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच. एसआयपीच्या निरोपात ‘आवाज इथे पाठव’ म्हणून तो आतलाच पत्ता लिहून जातो. समोरचं यंत्र इमानाने तिकडेच पॅकेटं धाडत राहतं, आणि बाहेरून त्या पत्त्याला वाटच नसते. म्हणून फोन आधी बाहेरच्या सर्व्हरला विचारतो, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ या विचारण्याच्या पद्धतीला स्टन म्हणतात, आणि तिचं मानक २००३ मध्ये आलं.