नसलेल्या पायाला खाज सुटते तेव्हा

गुडघ्याखाली पाय कापून जेमतेम तीन आठवडे झालेले. रात्री लघवीला जायला माणूस झोपेतून उठतो, सवयीने दोन्ही पाय खाली सोडतो आणि धाडकन पडतो. तो विसरलेला नसतो. पाय त्याला खरंच जाणवत असतो. अंगठा खाजतो, पोटरीत गोळा येतो. (म्हणून वॉकर पलंगाला खेटूनच ठेवावा.) पण हे घरात सांगायची चोरी. डोक्यावर परिणाम झाला म्हणतील!

अमेरिकी यादवी युद्धातले जखमी सैनिक तपासणाऱ्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली याला ‘फॅन्टम लिम्ब’ म्हटलं. फॅन्टम म्हणजे भूत. मला हे नाव घातकी वाटतं, कारण भूत म्हटलं की दुखणंही खोटं ठरतं. प्रत्यक्षात पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा पुसली जात नाही. तुटलेल्या नसांची टोकंही संदेश धाडत राहतात. ताण वाढला की कळ वाढते, असंही अनेकांच्या बाबतीत दिसतं.

नव्वदच्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी यावर साधा आरसा वापरला. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, धडधाकट पाय हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे बघत राहायचं. डोळ्यांना गेलेला पायच हलताना दिसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पाय गमावलेल्यांच्या एका गटाने रोज १५ मिनिटं असं केलं. चार आठवड्यांनी आरशाच्या गटातल्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. गट अगदीच लहान, आणि आरशाचा गुण सगळ्यांनाच येतो असंही नाही.

पण मला त्या चाचणीतली दुसरीच नोंद महत्त्वाची वाटते. आरशात अख्खा पाय दिसताच दोघांना दुःख अनावर झालं, थोडा वेळच. कळ कमी होत होती, तरीही. पाय गेल्याचं दुःख माणूस गेल्यासारखंच असतं, आणि ते ऑपरेशनच्या दिवशीच येईल असं नाही. जखम भरल्यावर, भेटायला येणारे थांबल्यावरही येतं. अशा वेळी ‘हिंमत ठेव’ म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा कृत्रिम पाय लावून जिना चढून आलेला एक जण जास्त कामाचा.

काहींचा तो जाणवणारा पाय हळूहळू आखडत जातो, पाऊल थेट गुडघ्याला चिकटल्यासारखं वाटतं. मग कृत्रिम पाय चढवला की काही जण सांगतात, ते पाऊल पुन्हा खाली उतरतं आणि चपलेत शिरावं तसं त्यात जाऊन बसतं.