हामच्या नावाचे काय झाले: बाबेलशेजारच्या यादीची पार्श्वभूमी

माणसांच्या भाषा वेगवेगळ्या का झाल्या हे सांगणारी बायबलमधली बाबेलच्या बुरुजाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या आधीचा, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा दहावा अध्याय मात्र वाचक भराभर ओलांडतात, कारण तिथे नावांमागून नावेच आहेत. शेम, हाम आणि याफेथ या, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या, तीन मुलांपासून राष्ट्रे कशी पसरली, याची ही यादी. यहुदी परंपरा तिच्यात सत्तर राष्ट्रे मोजते. राष्ट्रे आपापल्या भाषांप्रमाणे वेगळी झाल्याचे हा अध्याय सांगतो आणि लगेच बुरुजाच्या गोष्टीचा अकरावा अध्याय म्हणतो, सगळ्या पृथ्वीची भाषा एकच होती. दोन निरनिराळ्या परंपरा इथे शेजारी ठेवल्या गेल्या, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुढच्या इतिहासात जास्त अनर्थ घडवला तो बुरुजाने नव्हे, या यादीने.

मुळात ही भाषांची वर्गवारी नव्हतीच. कनान हा हामचा मुलगा, पण कनानी भाषा हिब्रूच्या अगदी जवळची. एलाम शेमच्या घरात, पण एलामी भाषेचे हिब्रूशी काहीच नाते नाही. निनवे ही असीरियाची नगरी वसवणारा निम्रोद हामचा नातू, आणि निनवेची भाषा मात्र हिब्रूच्याच कुळातली. शेजार, वैर, सत्ता यांचा हिशेब या यादीत जास्त दिसतो.

तरीही १७८१ मध्ये एका जर्मन इतिहासकाराने हिब्रू, अरबी, अरामी या भाषांना शेमचे नाव दिले, ‘सेमिटिक’ म्हणजे शेमी. पाच वर्षांनी कलकत्त्यातल्या एका ब्रिटिश न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे मांडले. भाषाशास्त्राच्या इतिहासात त्याचा हा विचार आवर्जून सांगितला जातो. मात्र १७९२ मध्ये त्यानेच हिंदूंना, आणि त्यांच्याबरोबर ग्रीक-रोमनांनाही, हामच्या वंशात बसवले होते, हे सांगायचे राहून जाते.

हामच्या नावाला तोवर दुसराच डाग लागलेला होता. नवव्या अध्यायात नोहाचा शाप आहे तो कनानला, हामला नव्हे. कातडीच्या रंगाचा तर तिथे उल्लेखही नाही. पण अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी हाच शाप काळ्या माणसांच्या माथी मारला, आणि व्यासपीठावरून तो वर्षानुवर्षे ऐकवला गेला. मजकुराशी केलेली ही उघड बेइमानी होती.

१७९८ च्या फ्रेंच मोहिमेनंतर इजिप्तची प्राचीन वैभवशाली अवशेषसंपदा युरोपपुढे आली आणि नवा पेच पडला. इजिप्त म्हणजे मिस्राईम, म्हणजे हामचाच मुलगा. मग शापित हामची संतती एवढी थोर कशी? उत्तर म्हणून हामलाच हळूहळू गोरे करण्यात आले. आफ्रिकेत जे जे प्रगत दिसेल, ते उत्तरेकडून आलेल्या ‘हॅमिटिक’ लोकांनी आणले, असा सिद्धांत रूढ झाला. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज प्रवाशाच्या पुस्तकाने मध्य आफ्रिकेतल्या राज्यकर्त्यांचे मूळ इथिओपियाकडे नेऊन ठेवले.

मध्य आफ्रिकेतल्या रवांडात बेल्जियन प्रशासनाने तेच खरे धरले: तिथल्या दोन मुख्य गटांपैकी तुत्सी हे बाहेरून आलेले ‘हॅमिटिक’, हुतू मात्र नव्हेत. तुत्सी आणि हुतू एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर राहत. तरी १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर गट लिहिला गेला. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका हुतू राजकीय पुढाऱ्याने तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत पाठवण्याची भाषा जाहीर सभेत केली. १९९४ च्या तुत्सींच्या नरसंहारात त्या नदीतून प्रेते वाहिली, आणि रस्तोरस्तीच्या नाक्यांवर मारेकरी ओळखपत्र मागून त्यावरचा गट वाचत होते.

भाषाशास्त्राने ‘हॅमिटिक’ हे नाव त्याआधीच सोडले होते. इजिप्शियन, बर्बर, कुशी या आफ्रिकेतल्या भाषांचा शेमी भाषांहून वेगळा असा एक गट सिद्धच होत नव्हता. १९६३ च्या एका वर्गीकरणानंतर ‘आफ्रो-आशियाई’ हे नाव रुळले. ‘सेमिटिक’ मात्र त्याच कुळाची एक शाखा म्हणून टिकून आहे, आणि कनानी भाषा आज त्या शाखेत, हिब्रूसोबतच, मोजल्या जातात.